पहिले चारशे वीस किलोमीटर

मोबाइलवर दोन विमानतळांची नावं टाकली की क्षणात उत्तर येतं. मुंबई ते लंडन, सरळ अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. मुंबई ते न्यूयॉर्क, १२,५०० किलोमीटर, पंधरा-सोळा तास. जळगाव ते मुंबई, ३५५ किलोमीटरच्या आसपास, तास-सव्वा तास. धुळे टाकलं तर मात्र जवळचा दुसरा विमानतळ बघावा लागतो, कारण धुळ्याहून प्रवासी विमानच उडत नाही.

परदेशी शिकायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर हे आकडे सारखे फिरत असतात. ‘भो, सोळा तासांत अमेरिका!’ असं कुणीतरी लिहितं, खाली दहा अंगठे उमटतात. आकडे खोटे नाहीत. फक्त ते विमानाचे आहेत. जळगावच्या किंवा धुळ्याच्या पोराचा प्रवास विमानाच्या दारात सुरू होत नाही, तो घराच्या दारात सुरू होतो. आणि त्या दोन दारांमधलं अंतर कुठल्याच अ‍ॅपवर नीट दिसत नाही.

आधी या आकड्यांची गंमत समजून घेऊ, कारण ती खरंच मजेदार आहे.

वर्गाच्या भिंतीवरचा नकाशा सपाट असतो, पृथ्वी नसते. एक टरबूज घ्या, त्यावर पेनानं दोन ठिपके काढा आणि मध्ये दोरा ताणून धरा. दोरा आपोआप सगळ्यात जवळची वाट पकडतो. भूगोलात तिला बृहद्‌वृत्त म्हणतात आणि अ‍ॅपवर दिसतं ते याच वाटेचं अंतर. म्हणून दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को ही सरळ वाट थेट उत्तर ध्रुवाच्या दिशेनं जाते. सपाट नकाशावर ती काढली तर वैमानिक रस्ता चुकला असंच वाटेल. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी, कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली, सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला विमान आणलं ते ध्रुवावरच्या वाटेनं. सरळ अंतर जवळपास १४,००० किलोमीटर आणि वेळ सतरा तासांच्या आसपास.

पण जवळची वाट म्हणजे लवकरची वाट, असंही नसतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे विमान नेहमीच्या अटलांटिक वाटेऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर झालं, म्हणजे जुन्या वाटेपेक्षा जवळपास १,४०० किलोमीटर जास्त. तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं. जुन्या वाटेला याहून दोनेक तास जास्त लागायचे. कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक जोरदार झोत वाहत असतो. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला तो मागून ढकलतो, पश्चिमेकडे जाणाऱ्याला अडवतो. बांभोरीजवळ गिरणेच्या पुलावरून समोरच्या वाऱ्यात सायकल मारलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. मुंबईहून लंडनला जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी, तेही याच वाऱ्यामुळे.

वाऱ्यानंतर राजकारण. एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. सरळ ताणलेला दोरा मध्येच वाकला. एअर इंडियाच्या दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नात उतरावं लागलं. दोन्ही विमानतळ होते तिथेच होते, त्यांच्यातलं सरळ अंतर एका मीटरनंही बदललं नाही, प्रवास मात्र लांबला.

आणि घड्याळाचा घोळ तर आहेच. रात्री दोनला मुंबई सोडलं आणि सोळा तास उडालात, तर हिवाळ्यात न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी साडेसातला उतरता. तिकिटावर फक्त दोन वेळा वाचणाऱ्याला वाटतं, साडेपाच तासांत पोचलो! येताना याच्या उलट. तिथून दुपारी बाराला निघून चौदा तास उडालात, तरी इथं दुसऱ्या दिवशीची दुपार साडेबारा झालेली असते. घरच्यांना ‘कधी पोचशील’ हे सांगताना साडेदहा तासांचा हा फरक हमखास चुकतो, उन्हाळ्यात तिथली घड्याळं एक तास पुढे सरकली की आणखीच. आई स्टेशनवर एक दिवस आधी येऊन उभी, असं होऊ शकतं.

आता आपल्याकडे येऊ.

जळगाव ते मुंबई ३५५ किलोमीटर. इथं येणारं एटीआर जातीचं पंख्याचं विमान वर गेल्यावर तासाला साधारण ५०० किलोमीटर जातं. शाळेतलं गणित केलं तर पाऊण तासही लागायला नको. पण वेळापत्रकात तास-सव्वा तास असतो. विमान जागेवरून हललं की वेळ मोजायला सुरुवात होते आणि मुंबईत जागेवर लागलं की संपते. धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, चढणं, उतरणं, हे सगळं त्यात धरलेलं. शिवाय मुंबईत सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते. तासाला चाळीसहून जास्त विमानं तिथं चढउतार करतात. रांगेत सत्तर आसनांचं जळगावचं विमानही असतं आणि तीनशे माणसं घेऊन दुबईहून आलेलंही. कल्याणला गाडी आउटरला उभी राहते ना, तसंच आकाशातही असतं, फक्त तिथं विमान गोल फिरत राहतं.

हे झालं विमानाचं. आता एका विद्यार्थ्याचा हिशेब मांडू. नाव-गाव कुणाचंही घाला.

समजा, शनिवारी पहाटे दोनला मुंबईहून न्यूयॉर्कचं विमान आहे. तीन तास आधी, म्हणजे शुक्रवारी रात्री अकराला विमानतळावर हजर राहायचं. जळगाव ते मुंबई रेल्वेनं ४२० किलोमीटर, सात-आठ तास. म्हणजे शुक्रवारी दुपारची गाडी धरली तरी कागदावर जमतं. पण असं कुणी करत नाही. कॉलेजं सुरू व्हायची वेळ ऑगस्टची, निघायचं जुलै-ऑगस्टमध्ये, आणि त्या दिवसांत कसारा घाटात काय होईल, कल्याणच्या पुढे रुळांवर पाणी किती असेल, हे कोण सांगणार? तिकीट लाखाच्या घरातलं. मग घरातली मोठी माणसं ठरवतात: गुरुवारी रात्रीच्या विदर्भनं नाहीतर सेवाग्रामनं निघायचं. शुक्रवारी सकाळी कल्याण किंवा दादर. दिवसभर डोंबिवलीच्या मावशीकडे. संध्याकाळी टॅक्सी. घर सोडल्यापासून विमान हलेपर्यंत सव्वीस-सत्तावीस तास गेले.

म्हणजे पुढच्या १२,५०० किलोमीटरला सोळा तास आणि पहिल्या ४२० किलोमीटरला सत्तावीस. धुळ्याचा असेल तर रेल्वेऐवजी ट्रॅव्हल्स, चारशे वीसऐवजी रस्त्यानं सव्वातीनशे किलोमीटर. पण खबरदारीचा दिवस तोच आणि डोंबिवलीची मावशीही तीच. ज्यांना डोंबिवलीत मावशी नाही, त्यांना हॉटेल.

जळगावला विमानतळ असून असं का? त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. तेव्हाच्या राष्ट्रपती आणि आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते मार्च २०१२ मध्ये नव्या विमानतळाचं उद्घाटन झालं. त्यानंतर पाच वर्षांहून जास्त काळ नियमित प्रवासी विमान आलंच नाही. ‘उडान’ योजनेतून डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनचं एकोणीस आसनी विमान मुंबईसाठी सुरू झालं. ते काही महिन्यांत रखडत रखडत बंद पडलं. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रूजेट आलं, मुंबई आणि अहमदाबादसाठी. मध्ये करोना झाला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ती कंपनीच जमिनीवर आली. मग दोन वर्षांची शांतता. एप्रिल २०२४ मध्ये फ्लाय९१ नं गोवा आणि हैदराबाद जोडलं, पाठोपाठ पुणे. जूनमध्ये अलायन्स एअरनं मुंबई. म्हणजे उद्घाटन एकदा झालं, पण सुरुवात तीन वेळा.

यात एकट्या जळगावचं नशीब फुटकं होतं असं नाही. ‘उडान’वर भारताच्या महालेखापरीक्षकांचा २०२३ चा अहवाल वाचण्यासारखा आहे. पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग वाटले गेले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षांची सवलतीची मुदत पूर्ण केली ती ११२ मार्गांनी. आणि मुदत संपून सरकारी मदत थांबल्यावरही मार्च २०२३ पर्यंत तग धरून होते फक्त ५४. योजना अशी की छोट्या गावाच्या विमानाची निम्मी आसनं स्वस्तात विकायची, तासाभराच्या प्रवासाला सुरुवातीला अडीच हजारांची मर्यादा होती, आणि कंपनीचा तोटा तीन वर्षं सरकारनं भरून द्यायचा. तीन वर्षांत लोकांना विमानाची सवय लागेल आणि पुढे ते आपल्या पायावर उभं राहील, हा हिशेब. पण सवय लागायला विमान रोज यावं लागतं. आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या, आणि त्यातही कधी रद्द होणाऱ्या विमानाची सवय कुणाला लागणार? माणूस एकदा फसतो आणि पुढच्या वेळी गुपचूप विदर्भचं रिझर्व्हेशन काढतो. मग आसनं रिकामी, मग फेऱ्या कमी, मग कंपनी म्हणते, जळगावला प्रवासीच नाहीत.

आमचं म्हणणं असं आहे की दोन विमानतळांमधलं अंतर मोजायचं आणखी एक माप असतं: एका विमानानंतर पुढचं विमान किती वेळानं आहे. पुणे-जळगाव सरळ अंतर ३२० किलोमीटर, हैदराबाद-जळगाव ५१०. पुण्यात आपली किती पोरं शिकतात आणि नोकरी करतात, हे शुक्रवारी रात्री शिवाजीनगरला खान्देशच्या गाड्यांजवळ उभं राहिलं की कळतं. घरून फोन आला, आजोबांचं जास्त आहे, लगेच निघ. फोन मंगळवारी आला आणि विमान बुधवारी असेल तर पुणे ते जळगाव हे अंतर तासाभराचं नाही, ते दिवसभराचं आहे. त्यापेक्षा मनमाडमार्गे रात्रीची गाडी बरी. कॅम्पस इंटरव्ह्यूचंही तेच. सोमवारी बोलावलं तर शनिवारी जाऊन तीन दिवस राहायचं भाडं भरणार कोण? ते देणं जमणारे थोडे असतात. बाकीचे रात्रभर बसून प्रवास करतात आणि सकाळी स्टेशनवरच्या वेटिंग रूममध्ये टाय बांधतात.

आता धुळ्याचं. तिथली गंमत अशी की आकाशात विमानं रोज दिसतात. गोंदूरच्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिक उडतात, शिरपूरलाही वैमानिक घडवणारी अकादमी आहे. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हवा तर २०० तासांचं उड्डाण लागतं, त्यात ३०० नॉटिकल मैलांचा एक लांबचा फेराही असतो. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणजे साधारण साडेपाचशे किलोमीटर. धुळ्याच्या डोक्यावरून अंतर आणि वेळ यांचं गणित शिकणारी पोरं रोज घिरट्या घालतात, आणि खाली उभ्या असलेल्या पोराला विमान पकडायचं तर आधी शंभर-दीडशे किलोमीटर रस्त्यानं जायचं.

कुठे जायचं, हाही प्रश्नच. जळगाव जवळ, नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. पण विमानतळ शहराच्या पलीकडे, कुसुंब्याकडे, म्हणजे अख्खं जळगाव ओलांडायचं. त्यात फागणे-तरसोद रस्त्याच्या रखडलेल्या चौपदरीकरणानं वर्षानुवर्षं लोकांचा जो अंत पाहिला, तो आठवला तरी पाठ दुखते. ओझर सव्वाशे-दीडशे किलोमीटर, पण रस्ता मुंबई-आग्रा महामार्गाचा आणि तिथून उडणारी विमानं जास्त. संभाजीनगरला जायचं तर मध्ये कन्नडचा घाट. नंदुरबार-नवापूरवाल्यांना सुरतच बरं. म्हणजे खान्देश एक, पण विमानासाठी चार दिशांना पांगलेला. आणि जळगावच्या विमानाला जे प्रवासी मिळायला हवेत, ते ओझरच्या रांगेत उभे.

गोंदूरहून प्रवासी विमान सुटावं ही मागणी जुनी आहे आणि ती करणाऱ्यांचा राग आम्ही समजू शकतो. पण स्पष्ट बोलायचं तर आम्हाला ती आज पटत नाही. शंभर किलोमीटरच्या आत एक विमानतळ असताना आणि त्याचंच वेळापत्रक टिकत नसताना, दुसऱ्या ठिकाणी फीत कापून काय मिळणार? दोन अर्धी रिकामी विमानं. त्यापेक्षा जळगावचं एक विमान रोज, ठरलेल्या वेळी, संध्याकाळी मुंबईत अशा वेळी उतरणारं मागावं, की तिथून रात्रीची परदेशी विमानं धरता येतील. मघाचा हिशेब पुन्हा करा. शुक्रवारी दुपारी चारला घर सोडलं, सहाचं विमान धरलं, सव्वासातला मुंबई, पहाटे दोनला पुढचं. सत्तावीस तासांचे दहा झाले. धावपट्टी एक इंचानं वाढवावी लागली नाही.

अर्थात नुसत्या वेळेनं भागत नाही, हेही माहीत असू द्या. अमेरिकेच्या विमानात विद्यार्थी साधारण २३-२३ किलोच्या दोन बॅगा नेतात. देशातल्या छोट्या विमानात फुकट सामान साधारण १५ किलो. उरलेल्या तीस किलोचे पैसे मोजायचे म्हटलं तर मसाले, पापड आणि कुकर घरीच राहतील. दुसरं, दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील आणि जळगावचं विमान उशिरा आलं, तर पुढची कंपनी तुमच्यासाठी थांबायला बांधील नसते. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असले तर पुढचं विमान मिळवून देणं कंपनीचं काम असतं. म्हणून एक तिकीट, एकच सामानाची मर्यादा, हे मागणं धावपट्टीच्या लांबीपेक्षा महत्त्वाचं आहे. आणि आता नवी मुंबईचा विमानतळही २०२५ च्या डिसेंबरपासून सुरू झालाय. इथून पुढे तिकीट काढताना ‘मुंबई’ एवढं वाचून थांबू नका, कुठली मुंबई ते बघा. एकीकडे उतरून दुसरीकडून उडायचं असेल तर मध्ये टॅक्सीचा तास-दीड तास धरा, पावसाळ्यात दोन.

रेल्वेचं काम सुरू आहे, ते आम्ही नाकारत नाही. मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि तो धुळ्यावरून जाणार आहे. झाल्यावर धुळ्याचा नकाशा बदलेल. पण तो होईपर्यंत आज एफवायला असलेल्यांचं शिक्षण संपलेलं असेल. त्यांच्यासाठी आत्ता होण्यासारखी एक गोष्ट आहे आणि तिला मंत्रिमंडळ लागत नाही.

विमान असेल त्या दिवशी धुळ्याहून निघून, पारोळा-एरंडोल घेत, जळगाव स्टँडवर न थांबता थेट विमानतळाच्या दारात उतरवणारी एक एसटी. परतीला विमान उतरल्यावर अर्ध्या तासानं सुटणारी. साक्री आणि शिरपूरहून पहिली गाडी तिला जोडून. बसचं वेळापत्रक विमानाला बांधलं की धुळ्याचा प्रवासी ओझरचा विचार करण्याआधी जळगावचा करील, आणि विमान कंपनीला दाखवायला आकडा तयार होईल. धुळ्यातून महिन्याला किती विद्यार्थी मुंबई, पुणे, हैदराबादला जातात, कुठल्या दिवशी, कशानं, किती खर्चात, ही माहिती आज कुणाकडेही एकत्र नाही. एनएसएसच्या एका युनिटनं चार कॉलेजांत दोन आठवडे फॉर्म भरून घेतले तरी ती हाती येईल. तो तक्ता आणि कॉलेजच्या लेटरहेडवरचं एक पत्र एसटीच्या धुळे विभाग नियंत्रकांना, दुसरं जळगाव विमानतळाच्या संचालकांना. सर्वेक्षणाचे फॉर्म मराठीतच काढा, आणि ‘तुम्ही ओझरला का जाता’ हा प्रश्न विसरू नका.